उडवून दाखवलं एक, हातात दिलं दुसरंच

मुंबईत जुनं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: आधी उडवून दाखवायला सांगा. मलाही तोच मिळाला, मी तो पाळलाही, आणि तरी 24,000 रुपयांना गंडलो. विक्रेत्याने विमान माझ्या डोळ्यांसमोर उडवलं, फार छान उडवलं, दोन लूप मारून अलगद उतरवलं. नंतर माझ्या हातात आलं ते त्याच रंगाचं, तेच पंख असलेलं विमान. मोटर, बॅटरी आणि सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मात्र दुसरेच. हा माणूस नव्या नावाने अजून जाहिराती टाकतो आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे.

जुन्याच्या मागे का लागायचं, असं कोणी विचारेल. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग येतात, पण बाहेरून अख्खं विमान मागवायचं तर कस्टममध्ये ते ड्रोन की खेळणं यावरून अडकण्याची धास्ती असतेच. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या विमानाच्या कुरिअरने सहज येत नाहीत. लॅमिंग्टन रोडला मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), प्रोपेलर सगळं मिळतं. बाल्सा या हलक्या लाकडाचं नीट बांधलेलं विमान मिळत नाही. ज्याला स्वतः बांधायला वेळ नाही त्याचा व्यवहार त्यामुळे ओळखीतून, हातोहात आणि बहुतेक वेळा रोखीत होतो. पावतीचा प्रश्नच नसतो.

विमान होतं 55 इंची पंखाचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान. मूळचं ग्लो इंजिनावरचं, म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं, उडवून झालं की अंगभर तेलकट होणारं. विक्रेत्याने ते इलेक्ट्रिक करून घेतलं होतं. काम सफाईदार होतं, हे कबूल करायला हवं. फायरवॉल (नाकातली मोटरमागची फळी) पुढे घेऊन मोटर माउंट बसवलेलं, बॅटरीसाठी वरून झाकण, ईएससीला हवा लागावी म्हणून पुढे आणि मागे कापलेली छिद्रं. जाहिरातीत लिहिलं होतं: 1000 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेऱ्यांची) मोटर, 50 अँपिअरचा ईएससी, 3 सेलची 3300 मिलिअँपिअर-तासांची नवी बॅटरी, चारही सर्व्हो मेटल गिअरचे, सोबत ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि चार्जर. एवढ्या मालाला 24,000 ही किंमत ना संशय यावा इतकी कमी, ना घासाघीस करावी इतकी जास्त. असा भाव काढणाऱ्याला बाजार चांगला ठाऊक असतो.

3,000 रुपये टोकन मी यूपीआयने पाठवलं. प्रात्यक्षिक बदलापूरच्या पुढे एका मोकळ्या माळावर, रविवारी सकाळी. तिशीतला मुलगा, बोलायला गोड. काका काका करत होता. मी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलंय म्हटल्यावर तर त्याने थेट शिवकर बापूजी तळपद्यांपर्यंत मजल मारली, आपल्या मराठी माणसाने चौपाटीवर कसं विमान उडवलं वगैरे. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही हे मला माहीत आहे, पण सकाळच्या गार वाऱ्यात, बाल्साचं विमान समोर असताना कोण वाद घालतं? तो मोड 1वर उडवणारा निघाला, म्हणजे थ्रॉटल उजव्या हाताला. मी मोड 2चा. म्हणून उड्डाण त्याने स्वतःच्या ट्रान्समीटरवर केलं. मी फोनवर व्हिडिओ घेतला.

खरी मेख इथून पुढे आहे. उड्डाण झाल्यावर मी उरलेले पैसे काढायला लागलो, तर तो म्हणाला, "काका, आज सेंट्रलला मेगाब्लॉक आहे, ठाण्यापर्यंत गाड्या तुंबलेल्या असतील. गर्दीत पंख मोडेल. शिवाय तुमच्या ट्रान्समीटरला बाइंड करायचंय, म्हणजे जोडायचंय, सिग्नल तुटला तर मोटर बंद पडायला फेलसेफ लावायचंय. मी गाडीतून दादरला आणून देतो, पैसे तेव्हाच द्या." पैसे न घेता माल परत नेणाऱ्यावर कोण संशय घेईल? मेगाब्लॉक तर खरोखरच होता.

दादरला तो फूलबाजाराच्या तोंडाशी आला. गाडी रस्त्यात, ब्लिंकर चालू, "टो करतील काका, पटकन बघा." प्रोपेलर काढून मोटर क्षणभर फिरवून दाखवली, एलेरॉन, एलिव्हेटर, रडर (पंख आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) हलवून दाखवले. सगळं हललं. मी 21,000 मोजून दिले. ट्रान्समीटर चालू केला की सर्व्हो हलतात आणि मोटर गुंईं करते, एवढं कोणत्याही भंगारातल्या भागांवर होतं. भार पडल्याशिवाय आतलं काही कळत नाही.

भार पहिल्याच उड्डाणात पडला. विमान जमिनीवरून उठलं ते चक्क जास्त जोरात उठलं, आणि एक वळसा पूर्ण व्हायच्या आत मोटर आचके द्यायला लागली. थ्रॉटल खाली घेऊन पुन्हा दिला की दोन सेकंद ताकद, पुन्हा बंद. एलिव्हेटर ओढला तर नाक हळूच वर यायचं, सोडला तर मध्यावर परत येईना. ते भाताच्या बांधावर आपटलं. नाक फुटलं, एक पंख मुळाशी तडकला. ईएससीला हात लावला तर चटका बसला.

भांडुपला आमच्याकडे एक काका आहेत, कंट्रोल लाइनच्या, म्हणजे तारेला बांधून विमान फिरवायच्या काळापासून विमानं उडवणारे. त्यांच्याकडे सगळं मांडलं. त्यांनी आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. जाहिरातीतले मेटल गिअर सर्व्हो साधारण 55 ग्रॅम भरतात. माझे 38 भरले. खालचे चार स्क्रू काढून वरचं टोपण उचललं तर आत पांढरे नायलॉनचे गिअर. वर चिकटवलेलं लेबल मात्र मेटल गिअरचं.

बॅटरीचं आवरण नवं कोरं, चकचकीत. पूर्ण चार्ज केल्यावर व्होल्टमीटरवर 12.6, म्हणजे कागदावर निर्दोष. पण काकांच्या चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध दिसतो. या आकाराच्या चांगल्या बॅटरीत तो चार-सहा मिलिओहमच्या आसपास असतो, माझ्या सेलचा पंचवीसच्या वर गेला. मग रिकामी करून पुन्हा भरली, तर 3300च्या बॅटरीत जेमतेम 1100 गेले. प्लास्टिक कापलं, आत जुने सेल, एकाच्या पोटाला फुगवटा. फुगलेल्या सेलवर नवं श्रिंक (गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिकचं आवरण) चढवून घट्ट आवळलं की तो बाहेरून सपाट दिसतो. अशी बॅटरी फक्त बिनकामाची नसते, घरात चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला. पैसे बुडाले ते बुडाले, पण हे प्रकरण मी रात्री बेडरूमच्या बाहेर चार्जला लावलं होतं.

मोटरची लबाडी जास्त हुशार होती. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेऱ्या घेते. आकार तोच ठेवून वेगळ्या वाइंडिंगच्या (तारेच्या वेढ्यांच्या) मोटरी मिळतात, बाहेरून सारख्याच. तपासायची सोपी रीत अशी: मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये पकडा, ड्रिल ठरलेल्या वेगाने फिरवा आणि मोटरच्या कुठल्याही दोन तारांमध्ये एसी व्होल्ट मोजा. 2800 फेऱ्यांवर 1000 केव्हीच्या मोटरने जवळपास 2 व्होल्ट दाखवायला हवे होते. मीटर 1.4च्या आसपास थांबला, म्हणजे मोटर साधारण 1450 केव्हीची. अशा मोटरला 11 इंची प्रोपेलर लावला की ती ईएससीच्या ताकदीबाहेर करंट ओढते. म्हणून तो सुरुवातीचा जोर, म्हणूनच तो चटका. थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज कोसळायचं, ईएससी मोटरचा पुरवठा तोडायचा. मी विमान कसंही उडवलं असतं तरी ते खालीच येणार होतं.

मग व्हिडिओ लावला. त्यात उड्डाणाआधी तो बॅटरी जोडताना दिसतो: पिवळा एक्सटी60 कनेक्टर. माझ्या विमानात लाल टी-प्लग. मोटरच्या घंटेवर (फिरणाऱ्या बाहेरच्या कवचावर) व्हिडिओत लाल पट्टा, माझ्याकडची सरळ चंदेरी. आवाजही बोलतो. विमान जमिनीवर असताना पूर्ण थ्रॉटल दिलेला तुकडा काकांनी फोनवरच्या एका ॲपमध्ये टाकला. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 9000 फिरला तर आवाज 300 हर्ट्झवर येतो, या हिशेबाने फेऱ्या काढता येतात. व्हिडिओतल्या फेऱ्या 1000 केव्हीला साजेशा निघाल्या. प्रात्यक्षिकातलं विमान खरंच जाहिरातीसारखं होतं. दादरला येण्याआधी ते आतून रिकामं केलं गेलं, आणि तोच चांगला ऐवज पुढच्या गिऱ्हाइकाच्या प्रात्यक्षिकाला वापरायला मोकळा राहिला.

फोन केला तर एकदम निवांत. "काका, उडवून दाखवलं होतं की. व्हिडिओ तुमच्याकडेच आहे." कनेक्टरचं सांगितल्यावर सूर बदलला. "पोलिसात जायचं तर जा. पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, उडवायची परवानगी होती का म्हणून."

या धंद्याचा खरा पाया हा आहे. मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात ड्रोन आणि पॅराग्लायडरसोबत रिमोटवरची मायक्रोलाइट विमानंही असतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर सांताक्रूझचा विमानतळ, जुहू आणि कुलाब्याकडचा नौदलाचा भाग धरून शहराचा बराचसा पट्टा लाल किंवा पिवळा, म्हणजे बंदीचा किंवा परवानगी लागणारा आहे. आपल्यातला प्रत्येकजण त्यामुळे थोडा दबकूनच असतो, आणि फसवणारा त्या दबकण्यावर जगतो. पण विमान कुठे उडवलं हा एक विषय आणि खोटं लेबल लावून माल विकला हा वेगळा. ड्रोन नियम 2021 मध्ये नजरेच्या टप्प्यात छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. ती छापून सोबत न्या. ड्रोन म्हटलं की चौकीत वातावरण बदलतं, त्यावर हा कागद कामाला येतो.

चौकीत अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आलाच: "कॅमेरा आहे का यात?" नाही म्हटल्यावर हवालदारांचा अर्धा रस गेला. माळ बदलापूरला, पैसे दादरला, तुम्ही राहता भांडुपला, मग हे आमच्याकडे कसं, हा दुसरा प्रश्न. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हे शांतपणे आणि दोनदा सांगावं लागलं. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे. टोकन यूपीआयने दिलं होतं ते इथे फार उपयोगी पडलं, कारण रोख 21,000चा माझ्याकडे काहीच कागद नव्हता. त्या 3,000च्या व्यवहारातून त्याचं बँकेतलं नाव निघालं, जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळं. तुमची रक्कम ऑनलाइन गेली असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

मधल्या काळात डोंबिवलीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनाही तेच ट्रेनर दाखवलं गेलं होतं, फक्त पंखांवरची फिल्म निळी. मेगाब्लॉकऐवजी त्यांना पावसाचं कारण मिळालं होतं. त्यांनी मात्र माळावरच मोटर, ईएससी, बॅटरी आणि प्रत्येक सर्व्होवर मार्करने सही करून फोटो काढले होते. सह्या बघितल्यावर विक्रेत्याने सौदाच मोडला आणि टोकन परत केलं. मी आता हेच करतो, आणि सोबत स्वतःची बॅटरी आणि वॉटमीटरही नेतो. विमान दोरीने बांधून अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल दिला की किती अँपिअर ओढतंय आणि व्होल्टेज कुठवर पडतंय ते तिथल्या तिथे दिसतं. विक्रेता याला तयार नसेल तर मी परतीची लोकल धरतो.

जबाबाला बोलावल्यावर तो पैसे द्यायला तयार झाला, पण विमान जसं दिलं तसं परत हवं ही अट घालून. सांगाडा भाताच्या बांधावर फुटलाय हे त्याला माहीत आहे. आता 12,000वर या, असा निरोप एका मध्यस्थामार्फत आला. मी नाही म्हटलं. कापलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात ठेवून निकामी केली, तिच्या आधीच्या फोटोंचे प्रिंट काढले, आणि मोटर, सर्व्हो, लेबलं पाकिटात घालून चौकीत जमा केली. पोचपावती माझ्याकडे आहे. डोंबिवलीचे गृहस्थ साक्षीला यायला तयार आहेत. आणखी कोणी 55 इंची, ग्लोवरून इलेक्ट्रिक केलेलं ट्रेनर बदलापूरकडे पाहून दादर-ठाण्याला ताब्यात घेतलं असेल, तर आधी सर्व्हो वजनकाट्यावर ठेवा आणि मग मला कळवा.