तलावाचे नाव नसलेला परवाना

गोड्या पाण्यातील मासेमारी शिकण्यासाठी गेल्या नोव्हेंबरमध्ये मी पुण्यातील एका प्रशिक्षकाला एकूण 11,500 रुपये दिले. त्यांत काठी, रीळ, दोरी आणि आमिषांचा संच 6,500 रुपयांचा, दोन रविवारांची शिकवणी 3,000 रुपयांची आणि ‘राज्यातील सर्व नद्या व तलावांसाठीचा वार्षिक परवाना’ 2,000 रुपयांचा होता. मला सर्वांत महागात पडला तो हा शेवटचा कागद, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हा सहा जणांना एका खासगी शेततळ्यावर नेले. तिथे कणकेचा गोळा पाण्यात पडायचा अवकाश, की चिलापी गळाला लागत होती. त्या तळ्यातल्या माशांना रोज हाताने खाद्य टाकले जात असल्यामुळे ते काठाकडे धाव घेत होते, हे मला फार उशिरा उमगले. त्या क्षणी मात्र आपल्याला ही विद्या येऊ लागली, असेच वाटले आणि त्याच भरात मी संच आणि परवाना दोन्ही विकत घेतले. दुसरा रविवार आजारपणाच्या कारणाने पुढे ढकलला गेला आणि पुढे तो आलाच नाही.

डिसेंबरमध्ये मी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन भोर तालुक्यातील एका तलावावर गेलो. तासाभराने तेथील मच्छीमार सहकारी संस्थेचे एक वयस्क सभासद आमच्याजवळ आले. मी परवान्याची पावती पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “दादा, हिच्यावर तलावाचंच नाव नाही. आम्ही इथं ठेका भरतो, बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडतो. ही कुणी दिली तुम्हाला?” मुलाने न सांगताच आपली काठी खाली ठेवली. त्याच्यासमोर आपण दुसऱ्याच्या हक्काच्या पाण्यात विनापरवानगी बसलो होतो, ही गोष्ट पैशांपेक्षा अधिक लागली.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा अशा संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि मत्स्यबीजाचा खर्च त्या करतात. त्यामुळे परवानगी त्या त्या पाण्याची असते आणि ती काठावरच विचारावी लागते. शहरात बसून कोणी साऱ्या राज्याचे पाणी विकत असेल, तर तिथेच थांबावे. शिवाय बारमाही मुभेचे आश्वासनही संशयास्पद मानावे, कारण रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात आणि त्या काळात त्यांना धरणे म्हणजे पुढचे पीकच खुडणे होय.

संस्थेच्या त्या सभासद काकांनी माझा संचही पाहिला. कार्बनची म्हणून विकलेल्या काठीच्या बुडाशी त्यांनी चाकूने थोडे खरवडले, तर काळ्या रंगाखालून काचतंतूचा पांढरा थर दिसू लागला. दोरीला गाठ मारून त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढताच ती तुटली. चमकत्या पत्र्याची जी आमिषे मला ‘रोहू-कटल्यासाठी खास’ म्हणून दिली होती, ती मरळीसारख्या शिकारी माशांसाठी असतात. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य खाद्यावर जगतो आणि मृगळ तळाशी चरतो, हे एवढे मूलभूत ज्ञान 3,000 रुपयांच्या शिकवणीत एकदाही आले नव्हते.

प्रशिक्षकांना फोन केल्यावर प्रथम ‘संस्थेला नवा नियम माहीत नसेल’ असे उत्तर मिळाले आणि नंतर फोन उचलणेच बंद झाले. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून पावतीबद्दल पोलिसांकडेही अर्ज दिला आहे. पैसे त्यांच्या वैयक्तिक खात्यावर गेले, पक्के बिल मी मागितले नाही, त्यामुळे व्यवहाराचे संदेश आणि ती पावती एवढाच आधार आहे. खरवडलेली काठी मी तशीच, न दुरुस्त करता, कपाटावर ठेवली आहे. तपासात ती दाखवावी लागेल.