वाईनची तिकिटं, सांगलीचा पावसाळा आणि गोंद: अकरा महिन्यांनंतर

गौरी-गणपतीत पाहुणे आले, जेवणं झाली, आणि धाकटा मेव्हणा म्हणाला, "दाजी, ती तुमची दारूची तिकिटं दाखवा की." मी मोठ्या ऐटीत टपालतिकिटांचा अल्बम काढला. दुसरं पान उलटताना टर्र असा आवाज आला. ज्यांनी तिकिटं जमवली आहेत त्यांना हा आवाज कसला ते सांगायला नको. ज्यांनी नाही जमवली त्यांना सांगून कळणार नाही.

हा अनुभव खरं तर मी जानेवारीतच लिहिणार होतो. तेव्हा लिहिला असता तर नुसती स्तुती झाली असती. आळस केला ते बरं झालं.

गेल्या दिवाळीनंतर मागवलेला माल असा: हंगेरीचा १९९० चा सहा तिकिटांचा संच (द्राक्षाची एकेक जात आणि ती जिथे पिकते तो वाईनचा प्रदेश), पोर्तुगालचा १९७० चा पोर्ट वाईनचा चार तिकिटांचा संच, आणि वजन भरायला फळांची किरकोळ तिकिटं. सगळं मिंट (न वापरलेलं, मूळ गोंदासकट), नेव्हर हिंज्ड (अल्बमात चिकटवायची कागदी बिजागरी कधीच न लावलेलं), असं विक्रेत्याने लिहिलं होतं. लॉट १,४५० रुपयांना पडला, टपालखर्च वेगळा. सोबत सोळा पानांचा स्टॉकबुक अल्बम (पानांवरच्या पट्ट्यांत तिकिटं नुसती खोचायची), ६४० रुपये. आमच्या हिच्या हिशेबाने एवढ्यात पाच किलो चांगला बेदाणा आला असता. आमच्या घरात सगळे हिशेब बेदाण्यातच होतात, कारण मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावक लिहितो. तेवीस वर्षं झाली.

आमचं घर माळकरी. बाटली घरात आली तर ती फिनेलची. मग वाईनची तिकिटं कशाला, हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला. त्याचं उत्तर हंगेरीच्या संचातल्या फुरमिंटच्या तिकिटात आहे.

फुरमिंट ही पांढऱ्या द्राक्षाची जात, प्रदेश टोकाय. तिथे शरद ऋतूत नद्यांवरून धुकं येतं आणि वेलावरच्या मण्यांना बुरशी धरते. आमच्याकडे घडाला बुरशी दिसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, व्यापारी पाठ फिरवतो. तिथले लोक तिची वाट बघतात. बुरशीने सालीला बारीक भोकं पडतात, पाणी उडतं, मणी वेलावरच सुकतो. म्हणजे सरळ बेदाणाच की! हे सुकलेले मणी एकेक करून हाताने वेचायचे, त्याला ते 'असू' म्हणतात. पाठीवरच्या पाटीने मोजायचे, आणि १३६ लिटरच्या पिंपाला किती पाट्या घातल्या त्यावर वाईनचा दर्जा: तीन पाट्या, चार पाट्या, पाच, सहा. ही जुनी पद्धत. पाटीला त्यांचा शब्द 'पुटोन्यॉश'. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात आपण रंगावर, मण्याच्या आकारावर, चिकटपणावर भाव करतो. तिथे बुरशी आलेला मणी पाटीने मोजून त्याचं सोनं करतात. टोकायचा तो सगळा मुलूख २००२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये. म्हणून मी अल्बममध्ये समोरासमोर पानं केली. डावीकडे टोकायचं तिकीट, उजवीकडे आमच्या शेडमधल्या जाळीवर वाळणाऱ्या द्राक्षांचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात माहिती. पोर्तुगालच्या समोर आमच्या सांगली जिल्ह्यातलं पलूस. सरकारने २००१ च्या धोरणात वाईन पार्क दोनच ठिकाणी ठरवले, नाशिककडचं विंचूर आणि पलूस. नाशिकचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पलूसचं काय झालं ते आम्हाला. त्या पानावर मी लेखन कमी ठेवलंय.

छपाईबद्दल तक्रार शून्य. हंगेरीच्या तिकिटांवरची द्राक्षं भिंगाखाली धरा, मण्यावरची पांढुरकी लव दिसते. पोर्तुगालच्या संचात एका तिकिटावर डोरो नदीतली रबेलो होडी आहे. अशा होड्यांतून वाईनची पिंपं खाली पोर्टो शहरासमोरच्या गोदामांपर्यंत यायची. त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली, की पोर्टची द्राक्षं याच्याच आतली. आपल्या जीआयच्या कितीतरी आधी. पण हे सगळं तिकिटाच्या पुढच्या बाजूचं झालं. मला बोलायचंय मागच्या बाजूबद्दल.

गोंद.

मिंट तिकिटाची अर्धी किंमत पाठीवर असते हे मला तात्त्विक पातळीवर माहीत होतं. पोस्टात गेलात तर काउंटरवर खळीची वाटी असते, आणि आपण तिकीट ओलं करून चिकटवण्याऐवजी आधी त्या वाटीत बोट घालतो. आपल्या माणसाचा तिकिटाच्या गोंदावर विश्वासच नाही. मीही त्यातलाच. त्यामुळे गोंद अकरा महिने स्वतःहून चिकटायला टपून बसलेला असतो, हे डोक्यातच आलं नाही. हवेतलं पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव. जुनी चकाकी असलेला गोंद तर फार हावरा. आणि जुलै-ऑगस्टात कृष्णाकाठची हवा कशी असते! मीठ ओलं, काडेपेटी ओली, पापड वाकतात. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांच्या भिंती अजून पावसाळ्यात घाम सोडतात. आमच्या कपाटामागची भिंत त्यातलीच.

तर टर्र आवाजानंतरची मोजदाद: दहापैकी सात तिकिटं पानाला किंवा वरच्या प्लास्टिकच्या पट्टीला चिकटलेली. पाहुण्यांसमोर मी हसत राहिलो. रात्री पहिला राग विक्रेत्यावर काढला. मोबाईलवर लांबलचक मजकूर लिहिला, गोंद निकृष्ट, माल बदलून द्या. सकाळी वाचून पुसला. गोंद हंगेरीने लावलेला, विक्रेत्याने नव्हे.

मग राग अल्बमवर गेला आणि तिथे तो बराचसा योग्य होता. नवा असताना या अल्बमला नव्या रेनकोटचा वास येत होता. मला तो आवडलासुद्धा होता! तो वास म्हणजे पीव्हीसी. हे प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि तिकिटाच्या शाईला, कागदाला लागतं. चांगल्या स्टॉकबुकात ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पट्ट्या असतात आणि दोन पानांत ग्लासीनचाच कागद. माझ्यात पट्ट्या प्लास्टिकच्या, आणि मधला कागद उत्पादकाने वाचवलेला. तसा अल्बम अकराशेला होता. मी चारशे साठ रुपये वाचवले, याचा मला डिसेंबरपर्यंत अभिमान होता.

आता दुसरी घोडचूक. वापरलेली तिकिटं आपण पाण्यात भिजवून सोडवतो ना, तसं मी पानाचा तुकडा कापून कादर्का हे तिकीट (लाल द्राक्ष, सेक्सार्ड प्रदेश) बशीत सोडलं. दहा मिनिटांत सुटलं. छान, स्वच्छ, आणि पाठ कोरी करकरीत. गोंदासकट मिंटपणही पाण्यात गेलं.

मिरजेत आमचे एक जुने संग्राहक काका आहेत, त्यांना फोन केला. काका आधी हसले.

"पाण्यात घातलंस? अरे, तू बेदाण्यातला माणूस ना? त्याला भिजवायचं नसतं, त्याला घाम आणायचा."

त्यांनी सांगितलेली रीत इथे सविस्तर देतो, कारण मला ती आधी कुणी सांगितली असती तर कादर्का वाचलं असतं. झाकणाचा खोलगट डबा. तळाशी ओला करून पिळलेला स्पंज. त्याच्यावर जाळी, तिकीट पाण्याला टेकता कामा नये. मी मोदकपात्राची जाळी घेतली. घरातून आवाज आला, "अहो, ती संकष्टीला लागते." लागेल तेव्हा देईन म्हटलं. जाळीवर पानाचा तुकडा तिकिटासकट ठेवायचा, झाकण लावायचं आणि गॅसच्या जवळपाससुद्धा न्यायचं नाही. दर तासाने बघायचं.

हंगेरीच्याच संचातलं बादाचोन्य प्रदेशाचं रिस्लिंग हे पहिलं ठेवलं. पहिल्या तासाला काही नाही. दुसऱ्या तासाला कागद किंचित फुगला. तिसऱ्याला वरच्या उजव्या कोपऱ्यातली दातेरी कड केसभर उचलली. चपट्या टोकाचा चिमटा आत सरकवला, ओढला नाही, नुसता धरून ठेवला. मग पुन्हा झाकण. अर्ध्या तासाने तिकीट असं अलगद आलं की मी श्वास रोखलाय हे मला तेव्हा कळलं. पाठ वर करून बटर पेपरवर ठेवलं. इथे घाई करून वर वजन ठेवायचं नाही, गोंद हाताला कोरडा लागेपर्यंत थांबायचं. नाहीतर केलेलं सगळं पुन्हा बटर पेपरला चिकटतं.

आणि पाठ वर केल्यावर दिसलं काय? मधोमध जुन्या हिंजचा पिवळट तुकडा. कुणीतरी कधीकाळी हे तिकीट बिजागरी लावून अल्बमात चिकटवलेलं होतं. 'नेव्हर हिंज्ड'! अकरा महिने मी ते तोंड वर करून ठेवलं आणि एकदाही उलटून पाहिलं नाही. बेदाण्याची १५ किलोची पेटी मी तळातून मूठ काढल्याशिवाय आत घेत नाही, आणि इथे पैसे मोजून आणलेल्या मालाची पाठ बघितली नाही.

म्हणजे विक्रेत्यावरचा माझा पहिला राग कारण चुकलेला असला तरी पत्ता बरोबर होता. फोन लावला.

"सर, अकरा महिने झाले. आता तुम्ही सांगताय."

"मग हिंज काय मी लावला?"

"तसं नाही म्हणत मी, सर. पण पाहिलं का नाही तुम्ही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी आवाज चढवून बोललो, आणि शेवटी तो संचाच्या निम्मे पैसे द्यायला कबूल झाला. त्याला पाच दिवस झाले.

थोडं विषयांतर करतो. साताऱ्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेला आणि राज्य खालसा झाल्यावर तिथेच कमिशनर झालेला बार्टल फ्रिअर १८५० मध्ये सिंधला गेला. त्यानेच १८५२ मध्ये 'सिंध डाक' तिकिटं काढली, आशियातली पहिली. त्यातली पहिली तांबडी तिकिटं लाखेच्या चकतीवर ठसा उठवून केलेली होती. ती ठिसूळ निघाली, तडकून तुटायची, म्हणून मग कागदावर छापावी लागली. आज ती तांबडी शाबूत मिळणं म्हणजे नशीबच. तिकिटाचं डिझाइन सगळे बघतात आणि मार खातं ते भलतंच काहीतरी, हे साताऱ्याहून गेलेल्या साहेबालाही चुकलं नाही. ही गोष्ट वाचल्यावर मला जरा हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आपल्या टपाल खात्याने चंदनाच्या वासाचं तिकीट २००६ मध्ये काढलं, कॉफीच्या वासाचं २०१७ मध्ये. पोर्तुगालने २००७ मध्ये खऱ्या कॉर्कवर छापलेलं तिकीट काढलं, म्हणजे बाटलीच्या बुचाचंच. ते घ्यायचं मनात आहे. पण आधी हे निम्मे पैसे येऊ देत. स्वतःच्या फोटोचं 'माय स्टॅम्प'ही मी एकदा करून घेतलं होतं, बेदाण्याच्या शेडचं. पाच रुपयांची बारा तिकिटं, घेतले तीनशे. साठ रुपयांच्या तिकिटांना तीनशे! त्यातली नऊ अजून शिल्लक आहेत, कारण पत्र लिहायचं कुणाला? ती मात्र एकही चिकटली नाहीत. त्यांचा शीट मी बटर पेपरमध्ये गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, हिच्या पैठणीखाली ठेवला होता. हे नंतर लक्षात आलं आणि आता वाईनची तिकिटंही तिथेच, एका जुन्या मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहेत. पुड्या ऑफिसातून आणल्या. विचारून आणल्या.

सद्यस्थिती अशी. सातपैकी पाच तिकिटं गोंदासकट सुटली. एकाच्या गोंदावर डाग आलाय. कादर्का गोंदाविना. पोर्तुगालच्या होडीच्या एका कडेला तांबूस ठिपके दिसतायत. काका म्हणतात बुरशी, वेगळं काढ. म्हणजे बुरशीवर नाव कमावणाऱ्या टोकायवाल्यांना काही झालं नाही आणि पोर्टवाल्यांना झाली. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग भाव वाढला असेल की."

तिकिटांना पाचपैकी साडेचार. अर्धा गुण हंगेरीच्या गोंदाचा कापला. अल्बमला एक, तोही कव्हरचा रंग चांगला आहे म्हणून. कुणाला घरातली बिलं ठेवायला हवा असेल तर फुकट देतो, सांगलीत येऊन न्यावा. विक्रेत्याचे गुण पैसे खात्यात आल्यावर टाकेन.