दोन आठवड्यांपूर्वी त्या कशा होत्या? : क्लिनिकल फ्रेल्टी स्केलविषयी अभिप्राय

कोविडच्या साथीत अतिदक्षता विभागातील खाटा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा वृद्ध रुग्णांच्या उपचारांविषयी निर्णय घेताना अनेक ठिकाणी क्लिनिकल फ्रेल्टी स्केलचा, म्हणजे माणसाची दुर्बलता आणि परावलंबन मोजणाऱ्या मोजपट्टीचा, आधार घेण्यात आला. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीत सुरुवातीला सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. पहिल्या पायरीवर ठणठणीत व्यक्ती आणि नवव्या पायरीवर आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेली व्यक्ती असते. ही मोजपट्टी वय विचारत नाही, तर माणूस रोजचे व्यवहार कितपत स्वतः करतो हे पाहते, आणि मला तिचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना साथीच्या काळात रुग्णालयात दाखल केले, तेव्हा त्या तापाने असंबद्ध बोलत होत्या आणि त्यांच्यात उठून बसण्याचेही त्राण नव्हते. त्या अवस्थेवरून कोणीही त्यांना सातव्या पायरीवर, म्हणजे पूर्णपणे परावलंबी, ठरवले असते. परंतु तेथील डॉक्टरांनी आम्हाला फोन करून आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी त्या कशा होत्या, असे विचारले. त्या स्वयंपाक आणि औषधे स्वतः सांभाळत होत्या, फक्त हालचाली मंदावल्या होत्या, हे कळल्यावर चौथ्या पायरीची नोंद झाली. मोजपट्टी अशीच वापरणे अपेक्षित आहे. आजारपणातली अवस्था मोजली, तर तो आकडा चुकतो.

नातेवाइकांना आत प्रवेश नसताना हा फोन झाला नाही तर काय, ही माझी खरी चिंता आहे. रुग्ण बोलू शकत नसेल आणि त्याला ओळखणारे कोणी विचारले जात नसेल, तर अंदाजाने लिहिलेली पायरी त्याच्याविरुद्ध जाऊ शकते.

या मोजपट्टीच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या इंग्लंडमधील नाइस या संस्थेने रुग्णालयात दाखल होणाऱ्या सर्व प्रौढांसाठी ही मोजपट्टी २० मार्च २०२० रोजी सुचवली होती. मात्र आक्षेप आल्यावर पाचच दिवसांत, ६५ वर्षांखालील रुग्णांसाठी तसेच स्थिर, दीर्घकालीन अपंगत्व, बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्यांसाठी ती वापरू नये, असा खुलासा करावा लागला. अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्याशी संबंधित संघटनेनेही त्याच वर्षी, केवळ वयाच्या आधारे कोणालाही उपचारांतून वगळू नये, अशी स्पष्ट भूमिका घेतली. मला ती पूर्णपणे पटते.

संभाषणाला दिशा देणारे साधन म्हणून मी या मोजपट्टीला पाचपैकी चार तारे देते. केवळ तिच्या आकड्यावर व्हेंटिलेटर नाकारला जाणार असेल, तर एकही देणार नाही. घरातील वृद्ध व्यक्ती काय काय स्वतः करते, कशासाठी मदत लागते आणि उपचारांविषयी तिची स्वतःची इच्छा काय आहे, हे एका कागदावर तारखेसह लिहून तिच्या औषधांच्या पिशवीत ठेवावे, आणि त्यावर रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा.