दोघांचं समुपदेशन आणि सेक्स थेरपी एकाच ठिकाणी: पाऊण वर्षानंतरचा अनुभव

विषयच असा आहे की नाव देणार नाही. दापोली तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पन्नाशीला आले आहे. पैसे वसूल झाले का, तर झाले. तक्रारी आहेत, त्याही लिहिते.

आमचं लग्न जुनं, एकत्र राहणं नवं. हे मुंबईत नोकरीला, मी इथे शाळा, मुलं आणि सासू-सासरे बघायला. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढाच संसार. कोकणात अशी घरं वाडीवाडीत आहेत, कुणाला त्यात नवल वाटत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे गावी आले ते परत गेलेच नाहीत, कलमांच्या बागेत लक्ष घालू लागले. सुट्टीला आलेल्या माणसाचे लाड होतात. तोच माणूस बारा महिने घरात असला की कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे, इथून सुरुवात होते.

जवळीक कमी होत होत बंदच झाली. ह्यांना मधुमेह, ताठरता टिकत नव्हती. मला पाळी जातानाचा कोरडेपणा आणि दुखणं. हे टाळायचे, तर मला वाटायचं मी नकोशी झाले. मी टाळलं की ह्यांना वाटायचं, मुंबईत राहिल्याचा राग काढते आहे. (थोडा काढत होतेच.)

आधी वेगवेगळ्या दारांना जाऊन झालं होतं. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून ह्यांनी पुड्या आणल्या, त्यात काय होतं देव जाणे. एका समुपदेशक बाईंकडे दोघं गेलो. बाई चांगल्या होत्या, पण विषय अंथरुणापर्यंत आला की म्हणायच्या, ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि घरातलं टेन्शन कमी करा म्हणाले. ते कसं करायचं, ते बाईंना विचारा!

मग पुण्याच्या एक थेरपिस्ट मिळाल्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, लैंगिक समस्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या, आणि दोन्ही कामं एकत्रच करणाऱ्या. सत्रं व्हिडिओवर, आधी दर आठवड्याला, पुढे पंधरवड्याने. पहिलं दोघांचं, मग एकेकट्याचं, मग पुन्हा दोघांचं. एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालणार की नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं. ते मला फार आवडलं.

बोलण्याआधी तपासण्या. ह्यांची तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन. माझी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव विचारलं, कारण रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही इच्छा किंवा ताठरता कमी होते. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात आणि ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराची आधी मिळालेली सूचना असते, हे ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी नीट समजावलं. सिल्डेनाफिल म्हणजे ताठरतेसाठीची ती प्रसिद्ध गोळी, व्हायग्रा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं घेणाऱ्यांनी ती घ्यायचीच नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. मला डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. घरचं खोबरेल चालेल का, हेही मी विचारून घेतलं, कोकणातल्या बाईला दुसरं काय सुचणार! कंडोम वापरणाऱ्यांनी तेल अजिबात वापरू नये, लेटेक्स फाटतं, पाण्याचा बेस असलेलं वंगण घ्यावं, असं उत्तर मिळालं.

मग गृहपाठ. पहिला नियम, संभोग बंद. हे म्हणाले, पैसे मोजून उपास करायचा? विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. आधी फक्त हात, पाठ, केस, चेहरा. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने कसं वाटतंय तेवढं सांगायचं. स्तन आणि जननेंद्रियं पुष्कळ नंतर, संभोग सगळ्यात शेवटी. परीक्षाच रद्द झाली की नापास व्हायची भीती राहत नाही, त्यामागचं कारण एवढंच. ह्यांच्या बाबतीत ते लवकर लागू पडलं.

माझं मात्र अडलं. ह्यांचा हात लागला की अंग आखडायचं. नुसती सेक्स थेरपी असती तर बहुतेक आणखी एक व्यायाम मिळाला असता. या बाईंनी व्यायाम बाजूला ठेवला आणि विचारलं, आज दिवसभरात तुमच्यात काय काय झालं? त्यात बाहेर आलं की ह्यांनी मला न विचारता बाग व्यापाऱ्याला मोहोरावरच दिली होती. इतकी वर्षं फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंत मी उभी राहिले, आणि आता मला शेजारणीकडून कळतं. दिवसभर ज्याच्या हुकमाने रक्त तापलंय, त्याच्याच हाताखाली रात्री अंग सैल सोडा म्हटलं तर सुटत नाही. पुढची काही सत्रं आंब्याच्या हिशोबावरच गेली. मग दोघांनी सही केल्याशिवाय बागेचा व्यवहार करायचा नाही असं ठरलं. व्यायाम पुन्हा सुरू केले तेव्हा माझं अंग आपसूक सैल झालं.

उलट बाजूनेही झालं. अंथरुणात 'इथे नको, इथे बरं वाटतं' असं सांगायची सवय लागल्यावर तेच मी स्वयंपाकघरात सांगू लागले. आधी मी भांडी आपटायचे. आमच्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच, वेगवेगळ्या माणसांकडे नेल्यामुळे त्या वेगळ्या झाल्या होत्या.

आता तक्रारी. गृहपाठ पुण्यातल्या फ्लॅटसाठी बेतलेला आहे. 'संध्याकाळी तासभर दार बंद करा' म्हणे. आमचं घर कौलारू, मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, सासूबाईंना झोप कमी आणि कान तिखट. शेवटी बागेतली राखणीची खोपी वापरली, तीसुद्धा हंगाम संपून राखणदार गेल्यावर. मे महिन्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं, त्यामुळे गृहपाठ शून्य. जुलैत लाइट गेली की टॉवरही जातो, आणि बुडालेल्या सत्राची फी मात्र कापली गेली. एका सत्राला दोन हजार, आमच्यासारख्यांना ते जड जातं.

मुरूड आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या कर्व्यांच्या घरातल्या रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. आणि शंभर वर्षांनी मला या विषयावर बोलायला माणूस पुण्यात शोधावा लागतो.

फरक किती पडला? संभोग कधी होतो, कधी नाही, कधी गोळी लागते. नाही झाला तर कुणी पाठ फिरवून झोपत नाही. माझं दुखणं बरंच थांबलं. इच्छा आधी आणि स्पर्श नंतर, असंच मला वाटायचं. जुन्या संसारात पुष्कळ बायकांचं उलट असतं, स्पर्शातून इच्छा येते, हे कळल्यावर मी स्वतःला बिघडलेली समजणं सोडलं. मुंबईच्या वर्षांचा राग मात्र आहे अजून. तो थेरपीने जाईल असं बाईंनीही कधी म्हटलं नाही.

कुणी जाणार असेल तर थेरपिस्टचं शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. सेक्स थेरपी म्हणजे बोलणं आणि घरचा गृहपाठ. सत्रात कपडे काढायला किंवा अंगाला हात लावू द्यायला कुणी सांगितलं तर तिथून उठा. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर दोघांनी एकत्र बसायची ही जागा नाही, त्या बाईने आधी एकटीने मदत घ्यावी, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

मी पाचपैकी चार तारे देते. ह्यांनी तीन दिले, एक फीसाठी कापला आणि एक उपासासाठी.