बोअरचा पॉइंट आणि पाण्याची तपासणी: कोल्हापूर परिसरात पैसे कशावर घालावेत

कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. बोअर खाली जाताना आधी माती-मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली जाळीदार मांजऱ्या, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि पुन्हा पाषाण लागतो. अखंड पाषाणात पाणी नसतं. ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत असतं. म्हणून शंभर फुटांच्या अंतरात एक बोअर चालतं आणि दुसऱ्यातून नुसती धूळ उडते.

पाणाडी तळहातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगतो. हा नारळ नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही. पाणाड्याची नजर मात्र अगदीच फुकट नसते. नाल्याचं वळण, उंबर, सखल जागा हे तो वर्षानुवर्षं बघत आलेला असतो. शिवाय नदीकाठच्या मुरमात चाळीस-पन्नास फुटांवर कुठेही थोडंफार पाणी लागतंच, त्याचं श्रेय नारळाला जातं.

त्यापेक्षा फुकटची आणि भरवशाची पद्धत म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या आठ-दहा विहिरी-बोअरची चौकशी. किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) किती टाकलं, मे महिन्यात पातळी कुठे जाते, हे विचारा. पातळी मोजायची तर पंप रात्रभर बंद ठेवून, दोरीला वजन बांधून. मशीनवाल्याला बोलवायचं ते यानंतर. त्याचा आलेख वाचायलाही हीच माहिती लागते.

मशीन म्हणजे बहुधा विद्युत रोधकता मापन. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून करंट सोडायचा, आतल्या दोन्हींत व्होल्टेज मोजायचं आणि बाहेरच्या खुंट्या टप्प्याटप्प्याने लांब न्यायच्या. ओला मुरूम साधारण 20 ते 45 ओहम-मीटर दाखवतो, पाणी धरलेला भेगाळ खडक 40 ते 70, घट्ट पाषाण त्याच्या वर. काळी चिकणमाती किंवा खारं पाणी 10 च्या आसपास येतं. नुसता कमी आकडा बघून तिथेच पॉइंट देणारा हमखास फसतो.

खरी मेख अंतरात आहे. बाहेरच्या खुंट्यांमधल्या अंतराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच खोलवरचं कळतं. 60 मीटरचा अंदाज हवा तर तार 200-250 मीटर पसरावी लागते. एकराचं चौरस रान असेल तर बाजू जेमतेम 64 मीटर. म्हणजे तार शेजाऱ्याच्या उसातून न्यायची. तुमच्याच बांधात वीस मिनिटांत खुंट्या रोवून "तीनशे फुटांवर पाणी" सांगणाऱ्याला तार किती लांब नेली ते विचारा. तारेचं कुंपण, लोखंडी पाइपलाइन आणि विजेच्या तारा आकडे बिघडवतात. खोलवरची दोन-तीन मीटरची भेग चांगल्या मशीनलाही दिसत नाही.

व्हीएलएफ (अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओलहरी वापरणारं) उपकरण उभ्या भेगा झटपट शोधतं, पण मोटारींच्या तारांचं जाळं असलेल्या रानात ते गोंधळतं. शिरोळ-हातकणंगलेच्या सपाट बागायतीत आमची पसंती रोधकतेलाच. शाहूवाडी, राधानगरीच्या जांभ्यात गोष्ट वेगळी. कोरडा जांभा जास्त आकडा देतो, आणि पावसाचं पाणी त्यातून उतरून खालच्या चिकणमातीवर झऱ्यांनी बाहेर पडतं. तिथे बोअरपेक्षा झऱ्याखालची विहीर बरी.

बोअर झाल्यावर "दोन इंची" ऐकून हुरळू नका. हे इंच म्हणजे पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची. 90 अंशांच्या व्ही-खाचेवर एक इंच म्हणजे तासाला साधारण 500 लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे 2,900. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाच पटीने वाढतं.

आता शुद्धता. टीडीएसचा (विरघळलेल्या एकूण क्षारांचा) पेन फक्त क्षार सांगतो. नायट्रेट आणि जंतू त्याला कळत नाहीत. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात शेतीसाठी तो पहिली चाळणी म्हणून ठीक, पण पिण्यासाठी प्रयोगशाळाच हवी. जंतूंच्या घरगुती चाचणीची हायड्रोजन सल्फाइडची बाटली पाणी भरल्यावर एक-दोन दिवसांत काळी पडली तर जंतूंची शंका घ्यावी, मात्र पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तरीही ती काळी पडते.

नमुना चुकला की अहवालही चुकतो. सहा इंची बोअरमध्ये मीटरला 18 लिटर पाणी मावतं. 45 मीटरचा पाण्याचा स्तंभ असेल तर 800 लिटरच्या वर. त्याच्या तिप्पट, म्हणजे अडीच हजार लिटर उपसून मग बाटली भरा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, वर थोडी जागा रिकामी, बर्फात ठेवून 24 तासांत पोहोच. धातूंसाठी वेगळी, नायट्रिक आम्ल घातलेली बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. प्लेटिंगचे कारखाने जवळ असतील तर क्रोमियमची तपासणी मागून घ्या; नेहमीच्या यादीत ते बऱ्याचदा नसतं.

अहवालात नायट्रेट आधी बघा. भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. टीडीएसला मात्र 500 पासून, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत मुभा आहे. जंतू आणि नायट्रेट दोन्ही वाढलेले दिसले तर संशय केसिंगवर घ्या. ते पाषाणात नीट बसवून भोवती सिमेंट भरलेलं नसलं की गटार, शौचटाकी, गोठा यांचं पाणी बाहेरच्या फटीतून सरळ आत उतरतं. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं.