ब्लॉक हीटरची 5 फुटी कॉर्ड: घेण्याआधी दुसरं टोक बघा

कॅनडात एडमंटन, सास्काटून, विनिपेगकडे गाडीच्या जाळीतून लोंबणारा प्लग पाहून नव्याने आलेल्याला वाटतं, गाडी विजेवर चालते. प्रत्यक्षात तो इंजिन ब्लॉकमधल्या, थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा प्लग असतो. पारा उणे 20 च्या खाली गेला की तो लावल्याशिवाय सकाळी गाडी सुरू होईलच असं नाही. एखाद्या सकाळी इंजिन गार ते गारच राहिलं, तर बहुतेक वेळा आधी कॉर्ड गेलेली असते, हीटर नंतर.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मिळणारी, झिरोस्टार्टसारख्या नावांची 5 फुटी बदली कॉर्ड या कामाला पुरते. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो ‘युनिव्हर्सल’ या शब्दासाठी. भिंतीकडचं टोक सगळ्यांचं सारखंच, तीन पिनांचं. हीटरकडचं टोक मात्र गाडीगणिक वेगळं: पिनांमधलं अंतर, मधली खाच, पकडणारी तारेची क्लिप, सगळंच बदलतं. त्यामुळे जुनी कॉर्ड काढून हातात घेऊनच दुकानात जावं, किंवा हीटरवरचा पार्ट नंबर जुळवावा. ‘थोडं दाबलं की बसतं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नये. सैल बसलेली पिन तापते, आणि तापलेल्या जोडापाशीच प्लास्टिक वितळतं.

विकत घेण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते मल्टीमीटरने पाहावं. गाडीचा प्लग भिंतीपासून सुटा करून दोन चपट्या पिनांमध्ये ओहम (विजेला होणारा रोध) मोजा. 400 वॅटचा हीटर सुमारे 36 ओहम दाखवतो, 600 चा 24, 1000 चा 14 च्या आसपास. (हे गणित इथल्या 120 व्होल्टचं, भारतातून आणलेल्या 230 च्या सवयीने केलं तर चांगला हीटरही खराब ठरेल.) आकडा येतच नसेल, तर कॉर्ड हीटरपासून सोडवून थेट हीटरच्या पिनांवर मोजा. तिथे आकडा आला म्हणजे दोष कॉर्डचा. चपटी पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दिसला, किंवा प्लग लावताच जीएफसीआय सॉकेट (वीज गळताच आपोआप बंद होणारं) उडत असेल, तर सॉकेट बदलण्यात पैसे घालवू नका. ओल किंवा मीठ कुठेतरी आत शिरलेलं आहे.

रस्त्यावरचं मीठ हाच या कॉर्डचा खरा शत्रू. 2018 च्या अखेरीस फोर्डने एफ-सीरिजचे लाखो पिकअप याच कारणासाठी परत बोलावले होते: हीटरच्या केबलच्या सांध्यात पाणी आणि घाण शिरून तारा गंजत होत्या, आगीचा धोका होता. म्हणून तुटलेली कॉर्ड मध्येच कापून, टेप गुंडाळून जोडायची नाही. फक्त भिंतीकडचा प्लग झिजला असेल, तर अर्थिंगसह मिळणारा बाहेर वापरायचा नवा प्लग बसवता येतो.

काम गार इंजिनवर करावं. कूलंट काढावं लागत नाही. कॉर्ड हीटरला बाहेरूनच लागते. तारेची क्लिप असेल तर आधी ती काढा, मग कनेक्टरचं अंग धरून किंचित हलवत सरळ बाहेर ओढा. वायर धरून ओढू नका, जोराने पिळू नका. गंजलेली पिन तुटली की हीटरच बदलावा लागतो, आणि मग कूलंटही काढावं लागतं. पिना हिरव्या किंवा काळ्या पडल्या असतील तर बारीक सँडपेपरने साफ करा; खड्डे पडून बारीक झाल्या असतील तर नवी कॉर्ड लावण्यात अर्थ नाही. नवं टोक बसवण्याआधी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या आणि ते शेवटपर्यंत आत दाबा.

कॉर्ड नेताना एक्झॉस्ट, पंखा, बेल्ट आणि स्टिअरिंगचा दांडा टाळा. इंजिन हलतं, म्हणून हीटरजवळ थोडी ढील सोडा आणि पुढे दर फुटभर अंतरावर झिप टाय लावा. मोठ्या इंजिनच्या पिकअपमध्ये 5 फूट कधी तोकडे पडतात. तिथे लांब कॉर्ड घ्या, ताणून बसवू नका. हीटर स्टार्टरच्या मागे किंवा एक्झॉस्टखाली दडलेला असेल, तर खालचं आवरण काढावं लागतं आणि पंधरा मिनिटांचं काम दुपार खातं. अशा गाडीला कंपनीची महाग कॉर्ड परवडते, कारण ते पुन्हा उघडायची कोणालाच इच्छा नसते.

शेवटी पुन्हा ओहम मोजा, आणि अर्थिंगची पिन ते इंजिनचं धातू यांच्यात जवळजवळ शून्य येतंय का पाहा. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, तीन पिनांची, 14 गेज जाडीच्या तारेची असावी. आधी गाडीला जोडा, मग भिंतीला, म्हणजे गाडीकडच्या पिनांवर ठिणगी पडत नाही. कूलंट नसताना हीटर कधीच चालू करू नका, काही क्षणांत जळतो. रात्रभर लावून ठेवायचीही गरज नाही. निघण्याआधी तीन-चार तासांचा टायमर पुरतो. आणि प्लगला टोपी असेल तर ती उन्हाळ्यातही लावून ठेवा.