रोजच्या मननाचं ॲप: वचन छान, पण नोटिफिकेशन देवालाच गरजू करून टाकतात (३ स्टार)

वर्षभर हे रोजच्या मननाचं ॲप वापरतेय. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझी तक्रार ह्या एकट्याबद्दल नाही, बऱ्याच ॲप्समध्ये हेच चालतं. आधी चांगलं सांगते. पूर्ण बायबल ऑफलाइन मिळतं, ऑडिओ वाचन शांत आहे, मागे म्युझिक नाही, अक्षर मोठं करता येतं. एवढ्यासाठी ३ स्टार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मध्यंतरी आई हॉस्पिटलमध्ये होती, नऊ दिवस ॲप उघडलंच नाही, स्ट्रीक (सलग किती दिवस वाचलं त्याची मोजणी) तुटली. आणि रात्री तिच्या बेडशेजारी बसलेली असताना फोनवर आलं, "देव तुझी वाट बघतोय, तुझ्याविना त्याला एकटं वाटतंय." मला रडूच आलं, म्हटलं आईचं करता करता मी देवाला एकटं टाकलं की काय.

तसंच ॲप उघडलं, दिवसाचं वाचन सोडून नुसती स्तोत्रं चाळत होते आणि ५० वं स्तोत्र समोर आलं. देव म्हणतो रानातला प्रत्येक पशू माझा, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. हे आधी कितीदा वाचलं असेल पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तिथे यज्ञांबद्दल देव रागावलेला नाहीये, आपण देवाला काहीतरी पुरवतोय असं लोकांना वाटायला लागलं होतं, बोट त्यावर ठेवलंय. येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये तेच सांगतो (प्रेषितांची कृत्ये १७:२५), देवाला काही कमी आहे म्हणून तो माणसांच्या हातून सेवा घेत नाही, उलट जीवन, श्वास, सगळं तोच देतो. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे, त्याच्यासमोरचं ते झुडूप (निर्गम ३) पण आठवलं, आग पेटलेली पण झुडूप जळून जात नाही, त्या आगीला जळणच लागत नाही! आणि तिथेच देव आपलं नाव सांगतो, "मी आहे तो आहे."

म्हणजे त्याच ॲपमधलं वचन एक सांगतंय आणि त्याचंच नोटिफिकेशन बरोबर उलटं.

मंडळीतल्या एका ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग देवाला आपली गरजच नसेल तर त्याचं प्रेम कसलं गं? प्रश्न खरा आहे, मीही बरेच दिवस त्यावर विचार केला. योहान १७:२४ मध्ये येशू म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी पित्याने माझ्यावर प्रीती केली. म्हणजे आपण नव्हतो तेव्हाही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्यात प्रेम भरलेलंच होतं, एकटं वाटलं म्हणून देवाने आपल्याला घडवलं नाही. ज्याला माझ्याकडून काहीच मिळवायचं नाही त्याने माझ्यावर प्रेम केलं तर ते नऊ दिवसांच्या गॅपने कमी कसं होईल? यशया ४६ वाचा, बेल आणि नबो ह्या बाबेलच्या देवांच्या मूर्ती जनावरांवर लादून न्याव्या लागतात, आणि परमेश्वर म्हणतो तुमचे केस पिकेपर्यंत मीच तुम्हाला वाहून नेईन. आईच्या उशाशी मी हेच मोठ्याने वाचलं.

रोजच्या विचारांबद्दलही थोडं. जवळजवळ प्रत्येक विचार "तू" ने सुरू होतो, तू खास आहेस, तुझी स्वप्नं, तुझा विजय, आणि देव त्यात मदतनीस म्हणून येतो. यिर्मया २९:११ (तुमच्या हिताच्याच योजना माझ्या मनात आहेत, असं देव म्हणतो ते) तर सारखं येतं, पण त्याच्या आधीचं १० वं वचन, त्याआधी बाबेलमध्ये बंदिवासात काढायची ७० वर्षं, ते एकदाही आलं नाही. त्यामानाने पूर्ण पुस्तकं वाचायचे प्लॅन खूप चांगले आहेत, रोमकरांस पत्राचा प्लॅन नक्की करा, ११ व्या अध्यायाच्या शेवटी, देवाला आधी कोणी काही दिलंय की त्याची परतफेड व्हावी, हे येतं तिथे मी दोन दिवस थांबले होते.

ॲप बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती, आठवण जरूर करून द्या, मी आळशी आहे, मला लागते ती. पण देवाला एकटं वाटतंय असं लिहू नका, त्याऐवजी त्या दिवशीचं एक वचन पाठवा, तेवढं पुरे. मी सध्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन आणि स्ट्रीक दोन्ही बंद केलंय, ऑडिओ चालू ठेवलाय, आई आता घरी आहे आणि संध्याकाळी आम्ही दोघी स्तोत्रं ऐकतो.